पाण्याचा अहवाल

अचूकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे आणि तिथेच ते सुखाने नांदतंय. शहराला पाणी पुरवणाऱ्या जलशुद्धीकरण केंद्रात त्यांनी चौतीस वर्षं पाणी तपासलं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे पाच थेंब सोडायचे, नळी खिडकीच्या उजेडात धरायची आणि आलेल्या रंगावरून आकडा सांगायचा. बाकीची मंडळी नळीशेजारी रंगपट्टी धरून चौकोन जुळवत बसायची. हे नुसता एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "सात पूर्णांक चार." मग कोणीतरी खोडसाळपणे तेच पाणी यंत्राला पाजायचं, आणि यंत्रही मुकाट्याने सात पूर्णांक चारच म्हणायचं. तेव्हापासून हे अचूकराव. ठेवणाऱ्यांनी थट्टेने ठेवलेलं नाव यांनी पदवीसारखं मिरवलं.

एखाद्याच्या डोळ्यांचं इतकं कौतुक झालं की त्याला बाकीचे अवयव असतात याचा विसर पडतो. अचूकरावांच्या नाकाने तर चौतीस वर्षं क्लोरीन हुंगून हुंगून केव्हाच राजीनामा दिला होता. कान बरे होते, पण ऐकून घ्यायची सवय नव्हती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सुंभ जळला होता, पीळ तेवढा शाबूत होता.

निवृत्तीनंतर पाचव्या वर्षी बायको गेली. पुढच्या वर्षी मुलाने घराच्या मागच्या बाजूला, फरशीवर, गरम पाण्याचा टब बसवून दिला. चार जणांचा. मुलाचा विचार सरळ होता. एरवी बाबांची पाठ शेकली जाईल आणि सुट्टीच्या दिवशी आपण तिघं गेलो की चौघं मिळून बसू. यातला दुसरा भाग काही वर्षं बरा चालला. पहिला कधीच चालला नाही, कारण अचूकराव टबात उतरलेच नाहीत. पाणी तपासणाऱ्याने पाण्याला अंग लावायचं नाही, ही त्यांची केंद्रातली शिस्त. मुलगा, सून आणि छोटी नात पाण्यात बसायची आणि हे काठाशी खुर्ची टाकून नळी हलवत असायचे. नात ओरडायची, "आजोबा, या ना!" हे म्हणायचे, "थांब, आधी आकडा बघू दे."

आता गेल्या चौदा महिन्यांत त्या टबात कोणीही उतरलं नव्हतं. पाण्याची सेवा मात्र चुकली नव्हती. रोज सकाळी आठ वाजता अचूकराव टबाचं जाडजूड झाकण अर्धं उलटून टाकत, पंप सुरू करत, कोपराएवढ्या खोलीवरून नळीत पाणी घेत. एका नळीत पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी त्याचा आकडा, दुसरीत क्लोरीन. कमी वाटलं तर पूड टाकायची, ढवळायचं, परत बघायचं. पंधरा दिवसांनी गाळणी काढून नळाखाली घडी न् घडी धुवायची. तीन महिन्यांनी सगळं पाणी सोडून टब आतून पुसायचा आणि नवं पाणी भरायचं. आकडे वहीत लिहायचे. एकट्या माणसाच्या घरात दिवसाला काहीतरी खुंटी लागते, नाहीतर तो घसरत जातो. त्यांच्या दिवसाला ही आठ वाजताची खुंटी होती. साडेआठनंतर काय करायचं हे मात्र त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी झालं होतं ते असं. नात तेव्हा पाच वर्षांची. संध्याकाळी तिघं टबात बसली, अर्ध्या तासाने मोठी माणसं बाहेर आली, ही पाण्यातून निघेना. निघाली ती रडत. अंगावर लाल पुरळ, डोळे सुजलेले. सून म्हणाली, "बाबा, पाण्यात काहीतरी जास्त झालंय." अचूकरावांनी तिथल्या तिथे पाणी तपासलं, नळी दिव्याकडे धरली आणि निकाल दिला, "सात पूर्णांक चार. क्लोरीन तीन. पाण्यात काही दोष नाही. पोरीच्या अंगाला कसले कसले साबण चोळता ते आधी बघा." सुनेने पोरीला टॉवेलात गुंडाळून आत नेलं. दोन दिवस राहायला आलेली माणसं त्याच संध्याकाळी निघून गेली.

त्यानंतर शनिवारी मुलाचा फोन येई. तब्येत बरी ना, औषध घेता ना, ठेवतो. सून आपल्याला पाण्यात बघते, असं अचूकरावांनी मनाशी ठरवून टाकलं. आणि एक दिवस ही सगळी येतील, पाणी बघतील, आणि आपण बरोबर होतो हे त्यांना कबूल करावं लागेल, हेही ठरवून टाकलं. एवढ्या एका आशेवर माणूस चौदा महिने रोज सकाळी आठ वाजता टबाशी हजर होत होता. हसायचं तर हसा, पण एकदा अशा घरात राहून बघा आणि मग हसा.

मग बुधवारी, म्हणजे भलत्याच वारी, फोन आला.

"बाबा, रविवारी येतोय आम्ही. तिघंही. जेवून संध्याकाळी निघू."

अचूकरावांनी खुर्ची ओढली. "या, या. टब एकदम तयार आहे. पाणी बघशील तर—"

"टब नको, बाबा." मुलगा म्हणाला. "झाकण उघडूच नका. तिने तशी अट घातलीय. मोठ्या मुश्किलीने तयार झालीय ती."

फोन ठेवल्यावर दुसरा कोणी माणूस आनंदाने घर आवरायला लागला असता. नातीला काय आवडतं ते आठवलं असतं. अचूकरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. अट! चौतीस वर्षं अख्ख्या शहराने ज्याच्या शब्दावर पाणी प्यायलं, त्याच्या पाण्याला झाकून ठेवायची अट! रात्रभर त्यांनी सुनेशी मनातल्या मनात वाद घातला आणि प्रत्येक वेळी जिंकले. सकाळपर्यंत युक्ती सुचली होती. आपला शब्द नको ना? मग तिऱ्हाईताचा घ्या. टब दुरुस्त करणाऱ्या कंपनीचा माणूस बोलवायचा, त्याच्याकडून यंत्रावर पाणी तपासून घ्यायचं, शिक्क्याचा लेखी अहवाल घ्यायचा आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर सुनेच्या ताटाशेजारी ठेवायचा. नात सात वर्षांची व्हायला आली, आजोबांकडे चौदा महिन्यांनी येणार, आणि आजोबा तिच्यासाठी काय तयार ठेवणार, तर पाण्याचा अहवाल.

गुरुवारी अकरा वाजता कंपनीचा माणूस आला, आणि तो माणूस म्हणजे एक बाई होत्या. पन्नाशीच्या, अंगाने भरलेल्या, खांद्यावर जड पिशवी. खाली बसताना त्यांचे गुडघे कडाडले.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "दिवसभर लोकांचे गरम पाण्याचे टब बघते आणि शेकायला मलाच वेळ नाही. बसतं कोण यात?"

"सध्या कोणी नाही."

"आणि तुम्ही?"

"मी पाणी बघतो."

टबवालीने एकदा त्यांच्याकडे, एकदा टबाकडे पाहिलं. झाकणाच्या कडा पुसलेल्या, पायरी घासलेली, शेजारी स्टुलावर नळ्या उलट्या करून ओळीने वाळत ठेवलेल्या. "इतका स्वच्छ टब मी दहा वर्षांत बघितला नाही हो, काका," त्या मनापासून म्हणाल्या. अचूकरावांची छाती फुगली. कितीतरी दिवसांत त्यांना कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. चहा विचारायचं त्यांच्या मनात आलं.

बाईंनी झाकण उलटलं आणि चटकन मान मागे घेतली. "अरे बापरे! डोळ्यांत गेलं की."

"काय?"

"वास, काका! येत नाही तुम्हाला?"

त्यांनी छोट्या बाटलीत पाणी घेतलं, गोळी विरघळवली, बाटली यंत्रात बसवली. मग दुसरी. मग दोन्ही परत केलं. अचूकराव पाठीमागे हात बांधून उभे होते, निकाल माहीत असलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"सात पूर्णांक चार," त्यांनीच सांगून टाकलं. "क्लोरीन तीन. सकाळी बघितलंय मी."

"आठ पूर्णांक तीन," बाई म्हणाल्या. "आणि क्लोरीन नऊ. या पाण्यात मी माझ्या नवऱ्यालासुद्धा बसवणार नाही. आणि तसं बसवावंसं पुष्कळदा वाटतं."

"तुमच्या यंत्रातली बॅटरी बघा."

बाई हे रोजच ऐकत असाव्यात. त्यांनी पिशवीतून सीलबंद नमुना काढला. त्यावर आकडा छापलेला होता. यंत्रात घातला आणि पडदा अचूकरावांच्या पुढे धरला. छापलेला आकडा आणि पडद्यावरचा आकडा तंतोतंत एक होते. मग त्यांनी अचूकरावांचीच नळी घेतली, त्यांचंच औषध घातलं आणि नळी त्यांच्या हातात दिली. "कोणता रंग दिसतो?"

अचूकरावांनी एक डोळा बारीक केला. "नारिंगी. सात पूर्णांक चार."

"मला गुलाबी दिसतो, काका. लालभडक गुलाबी." बाईंचा आवाज आता उतरला होता. "ही मागची भिंत कोणत्या रंगाची आहे?"

"पिवळट. रंग द्यायला झालाय."

"पांढरी आहे. चांगली पांढरी शुभ्र." त्या पायरीवर बसल्या. "माझ्या आईने एका महिन्यात घरातले पडदे चार वेळा धुतले. पिवळेच दिसतात म्हणायची. आम्ही साबण बदलला, पावडर बदलली. शेवटी कळलं की पिवळे पडदे नव्हते, डोळे होते. मोतीबिंदू. डोळे कधी दाखवलेत?"

अचूकरावांनी नळी स्टुलावर उलटी ठेवली. डोळे दाखवायला जायचं म्हणजे कोणाच्या तरी पुढे पट्टीवरची अक्षरं वाचून दाखवायची. अचूकरावांनी! 

"हे किती दिवसांत होतं?" त्यांनी विचारलं.

"दिवसांत कुठलं? वर्षं लागतात. दोन, तीन. हळूहळू येतं, म्हणून तर कळत नाही." बाई उठल्या. "काळजी करू नका. निम्मं पाणी सोडते, आंबटपणाची पूड टाकते, झाकण उघडं ठेवते. दोन तासांत पाणी सरळ होईल. मग परत तपासून झकास अहवाल देते. रविवारी पाहुणे आहेत म्हणालात ना फोनवर? आज काय होतं ते कोण विचारणार आहे?"

आता खरं तर हेच हवं होतं. कागद खरा असता, शिक्का खरा असता, रविवारचं पाणीही खरोखर चांगलं असतं. सुनेच्या ताटाशेजारी तो ठेवता आला असता आणि कोणाच्या बापाला पत्ता लागला नसता. अचूकरावांच्या ओठावर 'करा' आलेलंही होतं. पण माणूस हट्टी असला तरी आकड्यांशी लबाडी करणाऱ्यांतला नव्हता. दोन-तीन वर्षं, बाई म्हणाल्या. आणि नातीचं झालं त्याला झाले होते चौदा महिने.

"आज राहू द्या," ते म्हणाले. "जे निघालं तेच लिहा. बाकीचं उद्या करा."

टबवालीने लिहिलं, शिक्का मारला, कागद स्टुलावर नळीखाली दाबला. जाताना बाई फाटकापाशी वळून म्हणाल्या, "उद्या दहाला येते. तोवर यात कोणाला उतरू देऊ नका, काका." आणि चहा विचारायचं राहूनच गेलं.

अचूकराव बराच वेळ टबाशी उभे राहिले. पाणी दिसायला काचेसारखं होतं. तळाशी बसायच्या चार जागा, त्यांच्या पाठीमागची फवाऱ्यांची भोकं, सगळं लख्ख. हे पाणी वाईट आहे हे त्यांना पटत नव्हतं. यंत्रावर त्यांचा विश्वास कधीच नव्हता, बाईंची ओळख तासाभराची, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर आता ठेवायची सोय राहिली नव्हती. मग तपासायचं कशाने? राहिली होती एक कातडी. एका पोरीची कातडी चौदा महिन्यांपूर्वी साक्ष देऊन गेली होती, पण ती साक्ष त्यांनी ग्राह्य धरली नव्हती.

त्यांनी आत जाऊन कपाटातून एक जुनी अर्धी चड्डी शोधली, ती घातली आणि अंगाला टॉवेल गुंडाळून बाहेर आले. स्वतःच्याच घराच्या मागे, भर दुपारी, कोणी बघत नसताना त्यांना लाज वाटली. पायरीवर चढले, कठडा धरला, एक पाय आत टाकला, मग दुसरा, आणि हळूच बसले. पाणी गळ्याशी आलं.

छान वाटलं. हे त्यांना अजिबात अपेक्षित नव्हतं. पाठीचं जुनं दुखणं कोणी हात ठेवल्यासारखं निवत गेलं. फवारे कमरेवर रेटा देत होते. समोर तीन जागा रिकाम्या होत्या, आणि इथे बसल्यावर कळत होतं की टब असा केलाय की बसणाऱ्याने समोरच्याकडे बघावं, दुसरीकडे बघायला जागाच नाही. काठावरच्या खुर्चीतून हे कधी कळलं नव्हतं. 'आजोबा, या ना' असं ती याच पाण्यातून म्हणायची. किती वेळा म्हणाली असेल? त्याची नोंद त्यांच्या वहीत नव्हती. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच कोणाशी तरी बोलावंसं वाटलं आणि फवाऱ्यांच्या आवाजात ते मोठ्याने म्हणाले, "बरंय हं पाणी." ऐकायला कोणी नव्हतं.

दहा मिनिटांनी डोळे चुरचुरायला लागले. चोळले तर जास्तच. मग मानेच्या घडीत आग सुरू झाली, मग काखेत, मग चड्डीची नाडी जिथे आवळली होती तिथे सगळ्या कमरेभर. बाहेर पडावं असं वाटलं, पण नात तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त बसली होती. अचूकराव घड्याळ बघत बसून राहिले. मधेच एकदा त्यांना कळलं की आपण दात आवळलेत, आणि आपण चौऱ्याहत्तर... नाही, एकोणसत्तर वर्षांचे आहोत. वयाचाही आकडा क्षणभर चुकला. पाच वर्षांच्या पोरीने दात कसे आवळले असतील?

अर्धा तास पुरा झाल्यावर ते बाहेर आले, टॉवेल न गुंडाळताच आत गेले आणि आरशासमोर उभे राहिले. रंगाचं सोडा, पिवळ्या डोळ्यांनाही पुरळ दिसत होती. मानेखाली, छातीवर, कमरेभोवती. पुरावा पक्का होता. आणि त्यासाठी काही करावं, निदान अंगावर पाणी घ्यावं, हे न सुचता त्यांनी ओल्या हातानेच फोन उचलला. मुलाला नाही. सुनेचा नंबर फोनमध्ये सात वर्षं होता, त्यांनी तो कधी लावला नव्हता.

"हॅलो? बाबा?" पहिल्याच घंटेला सून घाबरून म्हणाली. "काय झालं? पडलात का?"

"नाही, नाही. पडलो नाही."

"मग? बरं वाटत नाहीये का?"

"पाणी वाईट होतं," अचूकराव म्हणाले. त्यांनी जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं पळून गेली होती. "गेल्या वर्षी. त्या दिवशी. पाणी वाईटच होतं. माझे डोळे गेलेत, मला रंग कळत नाही. साबणाचं काही नव्हतं. चूक माझी होती."

पलीकडे ती कुठेतरी चार माणसांत असावी. खुर्ची सरकल्याचा, दार लागल्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे, बाबा."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. तुम्ही साबण काढलात."

अचूकरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि खरं सांगू?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पाण्याचा राग माझ्या मनात नव्हताच. माणसाच्या हातून पाणी बिघडतं. माझ्याही हातून रोज काहीतरी बिघडतं. पण ती रडत बाहेर आली ना, तेव्हा तुम्हाला पाण्याचं बोलून मी टॉवेल आणायला आत गेले. खिडकीतून बघितलं मी. ती तुमच्याकडे आली, दोन्ही हात वर करून. आणि तुम्ही तिला वळसा घालून टबाकडे गेलात. नळी घेऊन. तिच्या पाठीवर काय उठलं होतं ते तुम्ही बघितलंच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी फोटो पाठवला, तर तुम्ही उलट आकड्यांचं पान पाठवलंत. बाबा, ती मला विचारायची, आजोबा माझ्यावर रागावले का? काय सांगायचं मी?"

अचूकरावांनी ती संध्याकाळ आठवून बघितली. नळीतला रंग लख्ख आठवत होता. दिव्याखाली धरलेली, किंचित तिरकी, पाचवा थेंब पडून रंग पसरतानासुद्धा आठवत होती. नातीचा चेहरा कितीही आठवला तरी आठवेना. डोळ्यांचा दोष म्हणावा तर तेव्हा ती हाताच्या अंतरावर उभी होती. एवढ्या जवळचं दिसायला काय चांगली नजर लागते? आपण आपल्या नातीला ओलांडून गेलो, हे त्यांना आता कळलं, आणि ते कुठल्याही आकड्याने कमी होण्यासारखं नव्हतं. 

"कुठे..." त्यांनी विचारलं. "कुठे कुठे उठलं होतं तिला?"

हा प्रश्न खरा आहे की पुन्हा वाद आहे, हे सून आधी तपासत असावी.

"मानेखाली," मग ती म्हणाली. "काखेत. कमरेला तर फारच, पोहण्याच्या कपड्यांचं इलास्टिक होतं ना तिथे. तीन रात्री झोपली नाही. मी फुंकर घालत बसायची."

"हो, कमरेलाच जास्त आग होते," अचूकराव म्हणाले.

"तुम्हाला कसं माहीत?"

"आत्ता बसून आलो मी त्यात. अर्धा तास."

"काय?" तिचा आवाज एकदम बदलला. "त्याच पाण्यात? अहो बाबा! आता अंगावर काय आहे? चट्टे उठलेत?"

"उठलेत थोडे."

"डोळे?"

"चुरचुरतायत."

"गार पाण्याने अंग धुतलंत का?"

"नाही. आधी तुला फोन केला."

"अरे देवा. असं करा, आधी फोन ठेवा. साध्या पाण्याखाली उभे राहा, दहा मिनिटं तरी. साबण अजिबात लावू नका. डोळ्यांवर पाणी मारा. चोळू नका, टॉवेलने नुसतं टिपा. सुती सदरा घाला. आणि झालं की मला फोन करा."

"तुला करू?"

"मलाच. मी वाट बघतेय. आणि श्वास घ्यायला त्रास होत असेल तर आत्ताच सांगा."

"नाही होत."

"नक्की? लपवू नका हं, बाबा."

"नाही ग," अचूकराव म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

न्हाणीघरात त्यांनी नळ सोडला आणि सांगितल्याप्रमाणे त्याखाली उभे राहिले. पाणी गार होतं, आग हळूहळू निवत होती, आणि अचूकराव लहान पोरासारखे हुंदके देऊन रडत होते. सुनेला त्यांनी काय काय ऐकवलं होतं, मनातल्या मनात तर त्याहून वाईट. आणि तिने पाणी किती वाईट होतं, आकडा काय आला, एक अक्षराने विचारलं नाही. चट्टे कुठे आहेत ते विचारलं. डोळ्यांचं विचारलं. एवढंच करायचं होतं त्या संध्याकाळी, त्याला अनुभव लागत नव्हता की शिक्षण. पोरगी हात वर करून समोर उभी होती.

रविवारचं त्यांनी विचारलं नव्हतं, तिनेही काही म्हटलं नव्हतं. येतील का, आणि आली तर नात जवळ येईल का, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आपला त्यावर काही हक्क आहे असंही आता वाटत नव्हतं. दहा मिनिटं झाली का, हे बघायला न्हाणीघरात घड्याळ नव्हतं. त्यांनी अंदाजानेच नळ बंद केला, अंग न चोळता टिपलं, सुती सदरा शोधून उलटाच अंगात घातला, आणि ती वाट बघतेय म्हणून भिंतीला धरत धरत फोनकडे निघाले.